प्रश्नांना सामोरा गेलेला वक्ता

अमेरिकेत दरवर्षी फेब्रुवारी महिना कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना म्हणून पाळला जातो. या महिन्यात तिथल्या विद्यापीठांमधून जाहीर व्याख्याने होतात. गुलामगिरी, मताचा हक्क, शाळा, पोलीस, तुरुंग, साहित्य, संगीत असे कितीतरी विषय असतात. विद्यार्थ्यांबरोबर गावातली साधी माणसेही सभागृहात येऊन बसतात. वक्ता बोलतो आणि त्यानंतर श्रोते उठून प्रश्न विचारतात. अशा व्याख्यानाचा निम्मा जीव या प्रश्नोत्तरांतच असतो.

या प्रथेची सुरुवात कार्टर वुडसन यांनी केली. त्यांचे आईवडील गुलामगिरीत जन्मलेले. स्वतः वुडसन कोळशाच्या खाणीत राबले, वयाच्या विशीत हायस्कूलला गेले आणि १९१२ साली हार्वर्ड विद्यापीठाचे डॉक्टर झाले. आपल्या लोकांचा इतिहास कोणत्याच पाठ्यपुस्तकात नाही हे पाहून त्यांनी १९२६ पासून फेब्रुवारीत इतिहास सप्ताह सुरू केला. पुढे ओहायोतील केंट स्टेट विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी १९७० मध्ये त्याचा महिना केला आणि १९७६ मध्ये राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी त्याला मान्यता दिली.

या इतिहासातले एक नाव आपल्या घरांत चांगले परिचयाचे आहे : माल्कम एक्स, म्हणजेच अल्-हाज मालिक अल्-शाहबाज. त्यांनी इस्लाम स्वीकारला, हज केला आणि त्यांना शहीद करण्यात आले, एवढे आपल्या मुलांना ठाऊक असते. पण हा माणूस आयुष्याच्या अखेरच्या चार-पाच वर्षांत एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात जाऊन बोलत होता आणि बोलून झाल्यावर विरोधकांचे प्रश्न ऐकत होता, हे फारसे सांगितले जात नाही. आम्हांला त्यांच्या चरित्रातला हाच भाग घरोघरी वाचला जावा असे वाटते.

आठवीनंतर शाळा सुटली

माल्कम यांचा जन्म १९ मे १९२५ रोजी नेब्रास्का राज्यातील ओमाहा येथे झाला. ते सहा वर्षांचे असताना वडील गेले. सात-आठ लेकरांना एकटीने वाढवता वाढवता आईचे मन खचले आणि तिला मनोरुग्णालयात नेण्यात आले. भावंडे पांगली. तरीही मिशिगन राज्यातील मेसन गावच्या शाळेत हा मुलगा हुशार म्हणून ओळखला जात होता. जवळजवळ सगळी मुले गोरी असलेल्या वर्गाने त्याला आपला प्रमुख निवडले होते.

आठवीत असताना इंग्रजीच्या शिक्षकांनी त्याला विचारले, पुढे काय होणार? मुलगा म्हणाला, वकील. त्यावर शिक्षकांनी त्याला व्यवहाराने वागायला सांगितले. तुझ्या जातीच्या मुलाला वकिली जमणारी नाही, तुझे हात चांगले आहेत, सुतारकाम शीक, असा त्या सल्ल्याचा आशय होता. त्याच वर्गातल्या, त्याच्याहून कमी गुण मिळवणाऱ्या गोऱ्या मुलांना मात्र हेच शिक्षक प्रोत्साहन देत होते. तिथून त्या मुलाचे अभ्यासातले मन उडाले आणि आठवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच.

हा प्रसंग आम्ही शिक्षकी पेशातल्या मंडळींनी वारंवार आठवावा असा आहे. ते शिक्षक दुष्ट नव्हते. स्वतः माल्कम यांनीही पुढे तसे म्हटले नाही. त्यांनी त्या मुलाला समाजाने आखलेली रेघ दाखवली, इतकेच. पण रेघ दाखवणारा शिक्षक असला की मुलाला ती दगडावरची वाटते.

पुढे बोस्टन आणि न्यूयॉर्कच्या गल्ल्या, चोऱ्या आणि नशा. १९४६ मध्ये विसाव्या वर्षी तुरुंग. तुरुंगात त्यांच्या लक्षात आले की साधे पत्रसुद्धा आपल्याला नीट लिहिता येत नाही. त्यांनी शब्दकोश मागवला आणि पहिल्या पानापासून वहीत उतरवायला घेतला. नॉरफोक येथील तुरुंगात मोठे ग्रंथालय होते आणि कैद्यांच्या वादविवाद सभा होत. कधी कधी हार्वर्डसारख्या विद्यापीठांचे विद्यार्थी तिथे येऊन कैद्यांशी वाद घालत. प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकायचे, त्यातला कच्चा दुवा शोधायचा आणि उत्तर द्यायचे, हे शिक्षण त्यांना तुरुंगात मिळाले. ऑगस्ट १९५२ मध्ये ते सुटले.

नावातले 'एक्स'

तुरुंगात असतानाच ते 'नेशन ऑफ इस्लाम' या संघटनेकडे ओढले गेले. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. एलायजा मुहम्मद यांच्या नेतृत्वाखालील ही संघटना कृष्णवर्णीयांना स्वाभिमान, शिस्त आणि व्यसनमुक्ती शिकवत होती, यात शंका नाही. पण गोरे लोक जन्मतःच सैतान आहेत अशी तिची शिकवण होती आणि एलायजा मुहम्मद यांना ती पैगंबरासारखा दर्जा देत होती. या दोन्ही गोष्टींचा इस्लामशी काही संबंध नाही.

संघटनेच्या रिवाजाप्रमाणे माल्कम यांनी 'लिटल' हे आडनाव टाकले, कारण ते कधीकाळी पूर्वजांच्या गोऱ्या मालकाने दिलेले होते. खरे नाव हरवले होते, म्हणून त्या जागी गणितातल्या अज्ञात राशीचे चिन्ह 'एक्स' आले. आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्यांमध्ये मुस्लिमही होते, हे यासंदर्भात ध्यानात ठेवावे. सेनेगल नदीच्या खोऱ्यातले आलिम उमर इब्न सईद यांना पकडून अमेरिकेत विकले गेले. त्यांनी १८३१ मध्ये आपली आत्मकथा अरबीत लिहिली. ते हस्तलिखित आज अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयात, लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे. कृष्णवर्णीयांचा इतिहास आणि मुस्लिमांचा इतिहास असे एकमेकांत गुंतलेले आहेत.

बंद दारे, उघडी दारे

१९६१ पासून माल्कम यांना विद्यापीठांची बोलावणी येऊ लागली. मार्च १९६१ मध्ये ते हार्वर्डच्या कायदा विद्यालयाच्या व्यासपीठावर बोलले. ज्याला वकिलीचे स्वप्न सोडायला सांगितले होते तो आता होऊ घातलेल्या वकिलांसमोर उभा होता.

पण सगळीकडे असे स्वागत नव्हते. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातील बर्कले विद्यापीठाने धर्मप्रचाराचे कारण देऊन त्यांना आवारात बोलू दिले नाही. तेव्हा सभा जवळच्याच एका संस्थेच्या जागेत झाली. १९६३ मध्ये मात्र ते बर्कलेच्या आवारातच बोलले. वॉशिंग्टनमधील हॉवर्ड हे कृष्णवर्णीयांचे नामांकित विद्यापीठ. तिथेही आधी ठरलेले व्याख्यान रद्द झाले. अखेर ३० ऑक्टोबर १९६१ रोजी बायर्ड रस्टिन यांच्याशी त्यांचा जाहीर वाद ठेवण्यात आला. रस्टिन हे गांधीजींच्या अहिंसेचे अभ्यासक, डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांचे सल्लागार. गोऱ्यांबरोबर एकत्र राहायचे की वेगळे व्हायचे, यावर दोघे बोलले आणि सभागृह खचाखच भरले होते. एकाच जमातीची दोन माणसे, दोन टोकांची मते, आणि समोर तरुण मुले. ऐकून ज्याने त्याने ठरवावे.

कृष्णवर्णीयांच्या सभा सोडल्या तर आपल्याला महाविद्यालयांतले श्रोते सर्वांत आवडतात, असे माल्कम यांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे. या सभा दोन-दोन, कधी चार तासही चालत. तिथले प्रश्न बोचरे असत आणि त्यांतून आपल्यालाही शिकायला मिळते, असे ते सांगत. भक्तांच्या गर्दीत टाळ्या मिळतात, पण विचाराला धार येते ती न पटणाऱ्याच्या प्रश्नाने.

एका मुलीचा प्रश्न

अशाच एका व्याख्यानानंतरची हकिकत त्यांनी स्वतः सांगितली आहे. न्यू इंग्लंड भागातल्या एका महाविद्यालयात त्यांचे भाषण ऐकून एक गोरी विद्यार्थिनी इतकी हलली की ती त्यांच्या मागोमाग विमानाने न्यूयॉर्कला आली. हार्लेममधल्या उपाहारगृहात त्यांना गाठून तिने विचारले की चांगले गोरे लोक असू शकतात यावर तुमचा विश्वास नाही का आणि मी काय करू शकते. माल्कम यांनी तिला तू काहीही करू शकत नाहीस असे सांगितले. ती रडत बाहेर पडली.

तेव्हा ते 'नेशन'चे प्रवक्ते होते आणि त्या शिकवणीत याहून वेगळे उत्तर नव्हते. पण ती मुलगी त्यांच्या मनातून गेली नाही. पुढे त्यांनी लिहिले की तिला दिलेल्या उत्तराचा आपल्याला पश्चात्ताप होतो. तिचे नाव माहीत असते तर आपण तिला कळवले असते की तुझ्या स्वतःच्या लोकांत जा, जिथे वंशद्वेष खरोखर राहतो तिथे काम कर. आयुष्याच्या शेवटच्या आठवड्यातही ते एका छायाचित्रकार मित्राशी याच मुलीबद्दल बोलले होते.

हजनंतरची भाषणे

हा बदल घडवला तो हजने. मार्च १९६४ मध्ये ते 'नेशन'पासून वेगळे झाले आणि एप्रिलमध्ये मक्केला गेले. तिथे गोऱ्या कातडीच्या, निळ्या डोळ्यांच्या मुस्लिमांबरोबर ते एका ताटात जेवले, एका सतरंजीवर झोपले, एका रांगेत नमाजला उभे राहिले. तिथून त्यांनी अमेरिकेतल्या साथीदारांना पत्रे लिहिली आणि या अनुभवाने आपल्याला आधीचे काही विचार टाकून द्यावे लागत आहेत, हे मोकळेपणाने कळवले. ही पत्रे वर्तमानपत्रांच्या हाती जातील हे त्यांना ठाऊक होते. जगजाहीर बोललेली गोष्ट त्यांनी जगजाहीर मागे घेतली.

हजहून परतताना ते आफ्रिकेत गेले. नायजेरियातील इबादान विद्यापीठात आणि घानाच्या विद्यापीठात ते बोलले. इबादानच्या मुस्लिम विद्यार्थी संघटनेने त्यांना 'ओमोवाले' हे योरुबा नाव दिले. घरी परतलेला मुलगा, असा त्याचा अर्थ. ज्याचे कुळाचे नाव हरवून 'एक्स' झाले होते त्याला आफ्रिकेतल्या विद्यार्थ्यांनी नाव दिले.

३ डिसेंबर १९६४ रोजी ते इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड युनियनच्या वादविवादात उभे राहिले. युनियनचे अध्यक्ष तेव्हा जमैकाचे एरिक अब्राहम्स हे विद्यार्थी होते. लाहोरहून शिकायला आलेले आणि पुढच्याच वर्षी अध्यक्ष झालेले तारिक अली यांचीही त्या रात्री त्यांच्याशी भेट झाली. वादाचा विषय होता : स्वातंत्र्याच्या रक्षणासाठी टोकाला जाणे हा दुर्गुण नव्हे आणि न्यायाच्या मागणीत मवाळपणा हा सद्गुण नव्हे. गंमत अशी की हे विधान अमेरिकेतले उजवे नेते बॅरी गोल्डवॉटर यांचे, ज्यांनी त्याच वर्षीच्या नागरी हक्क कायद्याला विरोध केला होता. विरोधकाचेच वाक्य घेऊन माल्कम त्याच्या बाजूने बोलले.

त्यांचा मुद्दा साधा होता. कोणाला 'जहाल' म्हणायचे हे कोण ठरवते? त्यांनी काँगोचे उदाहरण दिले. तिथल्या गावांवर विमानांतून बाँब पडतात, बायका-मुले मरतात, आणि वर्तमानपत्रे त्याला मानवतेचे काम म्हणतात. उलट ज्याच्यावर अन्याय होतो तो उठला की तो माथेफिरू ठरतो. आपण मुस्लिम आहोत हे त्यांनी त्या सभेत उघड सांगितले, आणि इंग्रजांच्या घरात उभे राहून शेक्सपियरच्या 'हॅम्लेट'चाच दाखला दिला. ही बिकट परिस्थिती बदलायला जो तयार असेल त्याच्याबरोबर मी आहे, मग त्याचा रंग कोणताही असो, असा त्यांच्या शेवटच्या शब्दांचा आशय होता. हार्लेममध्ये रडत गेलेल्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर असे ऑक्सफर्डमध्ये दिले गेले.

मतदानात त्यांची बाजू हरली : १३७ विरुद्ध २२८. पण बीबीसीने तो वाद प्रक्षेपित केला होता, आणि साठ वर्षांनंतरही लोक ते भाषण शोधून ऐकतात.

अखेरचे दिवस

यानंतरच्या तारखा नुसत्या वाचल्या तरी घाई जाणवते. १६ डिसेंबर १९६४ : पुन्हा हार्वर्ड. ९ फेब्रुवारी १९६५ : फ्रान्सने पॅरिसच्या विमानतळावरूनच त्यांना परत पाठवले. ११ फेब्रुवारी : लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये व्याख्यान. १२ फेब्रुवारी : बर्मिंगहॅमजवळच्या स्मेथिक गावाला भेट. हे बोलावणे भारतीयांचे होते. तिथल्या कारखान्यांत पंजाबातून आलेले बरेच कामगार होते आणि एका रस्त्यावरची घरे फक्त गोऱ्यांनाच मिळावीत यासाठी नगरपालिकेकडे खटपट चालली होती. इंडियन वर्कर्स असोसिएशनच्या निमंत्रणावरून माल्कम त्या मार्शल स्ट्रीटवरून चालत गेले.

१४ फेब्रुवारीच्या पहाटे न्यूयॉर्कमधल्या त्यांच्या घरावर पेटत्या बाटल्या फेकल्या गेल्या. गरोदर पत्नी बेटी आणि चार लहान मुलींना घेऊन ते थंडीत रस्त्यावर आले. अशा अवस्थेतही १८ फेब्रुवारीला ते बर्नार्ड कॉलेजात ठरल्याप्रमाणे बोलले. सुमारे दीड हजार श्रोते होते. बर्नार्ड हे कोलंबिया विद्यापीठाचे मुलींचे महाविद्यालय. समोरच, रस्त्यापलीकडे, कोलंबियाचे मुख्य आवार आहे, जिथे १९१३ ते १९१६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर शिकले. त्याच १८ फेब्रुवारीला समुद्रापलीकडे केंब्रिज युनियनमध्ये लेखक जेम्स बाल्डविन बोलत होते. अमेरिकेचे स्वप्न कृष्णवर्णीयांच्या जिवावर उभे आहे, या त्यांच्या बाजूला तिथे ५४४ विरुद्ध १६४ मते मिळाली.

तीन दिवसांनी, २१ फेब्रुवारीला, हार्लेमजवळच्या ऑडुबॉन सभागृहात माल्कम बोलायला उभे राहिले. त्यांनी श्रोत्यांना सलाम केला आणि लगेच त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. वय एकोणचाळीस.

भगिनींनी पुढचा भागही लक्षात ठेवावा. बेटी शाहबाज यांना त्या वर्षी जुळ्या मुली झाल्या आणि सहा मुलींचा भार त्यांच्या एकटीवर आला. मूळच्या परिचारिका असलेल्या बेटी पुन्हा शिकल्या, १९७५ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातून शिक्षणशास्त्राच्या डॉक्टर झाल्या आणि ब्रुकलिनच्या मेडगर एव्हर्स कॉलेजात शिकवू लागल्या. त्याही विद्यापीठांतून व्याख्याने देत.

आपल्या दिवाणखान्यातला रंग

आता थोडे आपल्याविषयी. माल्कम यांना मक्केत जे दिसले ते आपल्याकडे चौदाशे वर्षांपासून आहे. कुरआनच्या सूरह अल्-हुजुरातमध्ये माणसाची थोरवी वंशावर नसून ईशभीरुतेवर आहे हे सांगितले आहे. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी अखेरच्या हजच्या वेळी गोऱ्याला काळ्यावर आणि अरबाला अरबेतरावर श्रेष्ठत्व नाही हे बजावले. काबागृहावरून अजान द्यायला हजरत बिलाल (रजि.) यांना उभे केले. हे सगळे आपण मुलांना पाठ करून देतो.

आणि मग घरात नवी सून शोधायची वेळ येते. स्थळ पाहताना पहिला प्रश्न दीन-ईमानाचा असतो की रंगाचा? 'मुलगी सावळी आहे, पण शिकलेली आहे' या वाक्यातला तो 'पण' कुठून येतो? बाळ जन्मल्यावर बायका आधी काय बघतात? आणि रंगावरून सुटलो तर बिरादरीवर अडतो. अमक्या जमातीत मुलगी द्यायची नाही, तमक्यांच्या घरी जेवायचे नाही, हे नमाजच्या एकाच सफीत उभे राहणारे लोक बोलतात. दाट रंगाच्या मुलाला गल्लीत 'हबशी' म्हणून चिडवतात. चिडवणाऱ्याला हे ठाऊक नसते की हबशी म्हणून हिणवावा असा तो शब्द आपल्या दख्खनेत एका वजिराचा होता. इथिओपियात जन्मलेला, बाजारात विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला, त्याने १६१० मध्ये खडकी शहर वसवले, तेच पुढे औरंगाबाद झाले, आणि त्याच्या नहरीचे पाणी त्या शहराने पिढ्यान्‌पिढ्या प्यायले.

सहीह बुखारीत हजरत अबू जर (रजि.) यांचा प्रसंग येतो. रागाच्या भरात ते एकाला त्याच्या आईवरून हिणवून बोलले. पैगंबर (स.) त्यांना म्हणाले की तुमच्यात अजून अज्ञानकाळाचा अंश उरला आहे. पुढे कोणीतरी अबू जर (रजि.) यांना विचारले की तुमच्या अंगावर आणि तुमच्या नोकराच्या अंगावर सारखेच वस्त्र कसे? तेव्हा त्यांनी लपवाछपवी न करता हा सारा प्रसंग सांगितला. आपले चुकलेले बोलणे दुसऱ्याला सांगण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. माल्कम यांनी हजनंतर केले ते याच परंपरेतले होते.

म्हणून आमची एक साधी सूचना आहे. आपल्या शाळा, मदरसे, मोहल्ल्यातली वाचनालये, मशिदींची सभागृहे इथे भाषणे पुष्कळ होतात, पण प्रश्न क्वचितच होतात. वक्ता उठतो, दुआ होते, मंडळी पांगतात. महिन्यातून एकदा तरी अशी बैठक ठेवा, ज्यात वक्ता अर्धा तास बोलेल आणि अर्धा तास ऐकेल. मुलींनाही पुढे बसवा आणि त्यांच्या प्रश्नाला थट्टेवारी नेऊ नका. आपल्याशी न पटणाऱ्यालाही एखादे वेळी बोलवा. विषय मलिक अंबरचा असो, बिरादरीचा असो की हुंड्याचा. घरात मुलाने 'दादीजान रंगावरून असे का बोलतात?' असे विचारले तर त्याला गप्प करू नका.

हार्लेमच्या त्या मुलीला उत्तर मिळायला काही वर्षे लागली, आणि ते तिच्यापर्यंत पोहोचले की नाही हे कोणालाच ठाऊक नाही. आपल्या मुलांचे प्रश्न आपल्याच दस्तरख्वानावर बसून विचारले जातात. त्यांना उत्तर आजच देता येते. अल्लाह आपल्याला ऐकण्याचा सब्र आणि खरे तेच सांगण्याची हिंमत देवो. आमीन.